यकृताच्या कर्करोगात रक्ताची उलटी का होते?

यकृताचा कर्करोग म्हटलं की सगळ्यांचं लक्ष गाठीकडे जातं. पण अनेकदा जिवावर बेततं ते रक्तवाहिनी अडल्यामुळे.

कोणती रक्तवाहिनी?
जठर, आतडी आणि प्लीहेतलं रक्त 'पोर्टल व्हेन' या मोठ्या शिरेतून यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त हीच शीर आणते.

ती अडते कशी?
कर्करोगाची गाठ थेट या शिरेत वाढू शकते. सिरॉसिसमुळे रक्त संथ झालं, तर तिथे साधी गुठळीही होते. दोन्हींतला फरक डॉपलर सोनोग्राफी आणि डाय देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये तपासतात. हा फरक महत्त्वाचा आहे. साध्या गुठळीवर काही रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधं देतात, पण त्यांनी कर्करोगाची गाठ विरघळत नाही. गाठ शिरेत शिरली असेल तर आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. तेव्हा बहुतेकदा इम्युनोथेरपीसारखे उपचार निवडले जातात.

मग रक्तस्राव का?
वाट अडली की रक्त आडवाटेने जातं. अन्ननलिकेतल्या बारीक शिरा फुगतात आणि फुटू शकतात. काही औषधांनी हा धोका वाढतो. म्हणून उपचाराआधी एंडोस्कोपी करून गरज असल्यास फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावतात.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका
• रक्ताची उलटी
• डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण खात्री डॉक्टरांकडूनच करा)
• पोट झपाट्याने फुगणे
• गुंगी किंवा असंबद्ध बोलणे

वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही असा प्रसंग आला तर १०८ वर फोन करा आणि जवळचं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. अकोला किंवा नागपूरला जायचं असलं, तरी आधी रुग्णाची प्रकृती स्थिर होणं गरजेचं. जुने रिपोर्ट, एंडोस्कोपीचा कागद आणि औषधांची यादी एकाच पिशवीत तयार ठेवा. मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

टाळता येईल का?
बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस द्या. दारू टाळा. सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. गाठ लहान असतानाच सापडली, तर शिरेपर्यंत पोहोचण्याआधी उपचार करता येतात.