बाळंतपण कुठे करायचं? कळा सुरू झाल्यावर नाही, आठव्या महिन्यातच ठरवा

"आमची पाचही बाळंतपणं घरीच झाली, काय झालं आम्हाला?" असं म्हाताऱ्या बाया अजूनही सांगतात. ते खोटं नाही. घरची बरीच बाळंतपणं सुखरूप होतात. पण ज्यांची झाली नाहीत, त्या बाया हे सांगायला मागं राहिल्या नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरीही वाड्या-वस्त्यांवर ऐनवेळी धावपळ होतेच, कारण आधी काही ठरलेलं नसतं.

धोका आधी कळतो का?

काही वेळा कळतो. अंगात रक्त कमी, बीपी वाढलेलं, जुळं, बाळ आडवं किंवा आधीचं सिझर, हे तपासणीत समजतं. पण बाळंत झाल्यावर जास्त रक्त जाणं कुणाच्या वाट्याला येईल, हे आधी सांगता येत नाही. दोन बाळंतपणं सुखरूप झालेल्या बाईलाही ते होऊ शकतं आणि दोन-तीन तासांत जीव जाऊ शकतो. दवाखान्यात बाळ जन्मल्याबरोबर त्यासाठी इंजेक्शन देतात. सुईणीचा हात कितीही चांगला असला, तरी ते इंजेक्शन आणि रक्ताची पिशवी घरी नसते.

कोणता दवाखाना?

प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, सिझर होत नाही. त्यामुळे वर सांगितलेला धोका असेल, किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयच ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे डॉक्टरांना सरळ विचारा, "आमचं बाळंतपण कुठे करायचं?"

खर्चाचं काय?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेणं-आणणं मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितलं, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून विचारा. तो तुमचा हक्क आहे.

माहेरी जाणार असाल तर

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण सगळ्या तपासण्या सासरी झालेल्या असतात. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद सोबत न्या. गेल्या-गेल्या माहेरच्या आशाताईला कळवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनीही कार्ड सोबत ठेवावं आणि फडाजवळचा सरकारी दवाखाना आधीच पाहून ठेवावा.

घरात बसून ठरवायच्या चार गोष्टी

१. "चला" कोण म्हणणार? मालक रानात, फोन लागत नाही, सासू म्हणते थांबा. यात मोलाचे तास जातात. बाईनं स्वतः म्हटलं तरी निघायचं, हे आधीच ठरवा.

२. गाडी कोणती? १०८ किंवा १०२ ला फोन करा. ती यायला उशीर झाला तर गावातली कोणती गाडी, हेही बोलून ठेवा. पावसाळ्यात ओढा अडवत असेल, तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे जा. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत राहण्यासाठी 'माहेरघर' असतं, आशाताईला विचारा.

३. रक्त लागलं तर कोण देणार? दोन माणसांना सांगून ठेवा.

४. घरी लहान पोरं आणि जनावरं कोण बघणार? यावरूनच बऱ्याच बाया निघायला उशीर करतात.

कळांची वाट बघू नका

अंगावरून रक्त गेलं, कळा नसताना पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर लगेच १०८ ला फोन लावा. दिवस असो की रात्र.

घरात कुणाला सातवा-आठवा महिना असेल, तर आज रात्री जेवताना हे चार प्रश्न काढा. बोलताना ती बाई समोर असू द्या आणि तिलाही विचारा.