वाडा नसलेला बॅटमॅन

चित्रकथा हा वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकत नाही, अशी आपल्या विद्यापीठीय समीक्षेची एक अलिखित समजूत आहे. तमाशाविषयी आणि जलशाविषयीही एकेकाळी हीच समजूत होती. तेव्हा तिची फार पत्रास बाळगण्याचे कारण नाही. लाखो माणसे जी गोष्ट दर महिन्याला पैसे मोजून वाचतात, त्या गोष्टीत नायक कोणाच्या घरी जन्माला येतो हे तपासणे निरर्थक आहे असे मला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील डीसी या प्रकाशनसंस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरपासून ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या नावाखाली सुरू केलेल्या मालिकांपैकी तीन मालिकांचा विचार करावयाचा आहे. बॅटमॅन, वंडर वूमन आणि सुपरमॅन या त्या तीन मालिका. या नायकांना मराठीत ‘महामानव’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ ठरून गेलेला आहे, म्हणून ‘सुपरहिरो’ हाच शब्द वापरतो. हे अंक मला माझा एक जुना विद्यार्थी पाठवतो. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. एका अंकाच्या किमतीत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते, हे मी त्याला अद्याप सांगितलेले नाही.

या वाचनाची सुरुवात मात्र फुकटात झाली. माझे वडील रद्दीच्या वखारीत हमाल होते. घरात पाठ्यपुस्तकांखेरीज जो पहिला छापील कागद आला तो जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा, आणि त्यात होता वेताळ. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला हा गोरा बुरखाधारी पुरुष कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो. तो एकविसावा वेताळ आहे. बापामागून मुलगा त्याच गादीवर येतो. जंगलातल्या इतर टोळ्या त्याला अमर समजतात. बांदर टोळीला खरे काय ते ठाऊक असते, पण ती गुपित फोडत नाही. विषारी बाण घेऊन गुहेबाहेर पहारा करते. लहानपणी मी वेताळाच्या अंगठीवर खूश होतो. पुढे महाविद्यालयात वतनदारीचा इतिहास शिकवताना एकदम ध्यानात आले की हे एकवीस पिढ्यांचे वतनच आहे, आणि पहारा करणारे बांदर आपल्या ओळखीचे आहेत.

वेताळ एकटा नाही. बॅटमॅन हा वेन घराण्याच्या वाड्याचा आणि अफाट संपत्तीचा वारस. वंडर वूमन राणीची मुलगी. आयर्न मॅन शस्त्रास्त्रांच्या कारखान्याचा मालक, थॉर तर देवाचाच पुत्र. काळ्या माणसाला या पंक्तीत जागा मिळाली तीही राजा म्हणून: १९६६ च्या जुलैत मार्व्हलच्या अंकात अवतरलेला ब्लॅक पँथर हा वाकांडाचा राजा आहे. (ओकलंडमध्ये त्याच नावाचा पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाला. १९७२ साली मुंबईत पँथर हा शब्द ज्यांनी उचलला त्यांच्यासमोर तो पक्ष होता. वाकांडाच्या राजाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते.) अपवाद आहेत. क्वीन्समधल्या साध्या घरात काका-काकूंनी वाढवलेला स्पायडरमॅन आहे. आणि १९७२ चाच ल्यूक केज आहे, तुरुंगातून आलेला, कामाचे पैसे मागणारा. लोकांना वाचवण्याची मजुरी मागणारा सुपरहिरो ही कल्पना मला आजही धाडसी वाटते. श्रीमंताला मजुरी मागावी लागत नाही, म्हणून त्याच्या शौर्याला निःस्वार्थ म्हणतात.

या पार्श्वभूमीवर ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’कडे पाहिले पाहिजे. स्कॉट स्नायडर यांचे लेखन आणि निक ड्रॅगोटा यांची चित्रे असलेला पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. इथे ब्रूस वेनला वाडा नाही. तो गॉथम शहराच्या नोकरीतला तरुण अभियंता आहे. बाप शिक्षक होता. शाळेची मुले घेऊन प्राणिसंग्रहालयात गेला असताना गोळीबारात मारला गेला. आई जिवंत आहे. अल्फ्रेड हा पिढीजात चाकर नसून गुप्तहेर आहे आणि सुरुवातीला तो बॅटमॅनवर पाळत ठेवायला आलेला आहे. उलट जोकरकडे वडिलोपार्जित पैसा आहे, जगभर फिरून घेतलेले शिक्षण आहे, आणि तो हसत नाही. म्हणजे लेखकाने दोघांच्या जन्माची अदलाबदल केली आहे.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट आई जिवंत असणे ही आहे, असे माझे मत आहे. जुन्या बॅटमॅनचे दुःख थोर होते, पण त्याला कोणाला जाब द्यावा लागत नव्हता. मध्यरात्री रक्ताळून आलेल्या मुलाला दारात कोणी विचारत नव्हते. गरिबाच्या घरी असे चालत नाही. आपली आत्मकथने वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. त्यांत बंडखोर मुलापेक्षा त्याची वाट पाहणारी बाईच पुष्कळदा अधिक उंच आहे. दुसरी गोष्ट ज्ञानाची. या ब्रूसजवळ विकत आणलेली यंत्रे नाहीत. शहर कसे बांधले जाते याचे ज्ञान हेच त्याचे भांडवल. छातीवरचे वटवाघूळ काढले की कुऱ्हाड होते, टोपीचे कान उपसले की सुरे होतात. हत्यार आणि अवजार यांतले अंतर इथे पुसले गेले आहे.

परंतु ड्रॅगोटांची चित्रे पाहताना मी अडखळतो. हा बॅटमॅन प्रचंड आहे. दारात मावत नाही असे खांदे, पिंपासारखी छाती. पैसा काढून घेतला आणि त्याची भरपाई मांसाने केली, असा हा व्यवहार आहे. राबणाऱ्याचे शरीर असे वाढत नसते. हमालाचा खांदा फुगतो तो एकाच बाजूचा, आणि त्याच बाजूची मान चाळिशीत वळेनाशी होते. कष्टाने शरीर घडते हे अर्धेच खरे. कष्टाने ते मोडतेही. चित्रकाराचा हात बळकट आहे, पाने वेगाने उलटतात, एकेक मारामारी पाहावी अशी आहे. पण श्रमाचे चित्र त्याला साधलेले नाही. त्याने व्यायामशाळेचे चित्र काढले आहे.

मित्रांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. जुन्या कथांतले खलपुरुष, वेलन जोन्स, ऑस्वाल्ड कॉबलपॉट, एडवर्ड निग्मा, हार्वी डेंट, हे सगळे इथे ब्रूसचे बालमित्र आहेत, एकाच वस्तीत वाढलेले. ज्यांना आपण वर्षानुवर्षे गुन्हेगार म्हणून ओळखत आलो ती वस्तीतली पोरे होती, एवढे एक वाक्य या मालिकेने नुसत्या पात्रयोजनेतून म्हटले आहे आणि ते मोठे आहे. पुढे २०२५ च्या अंकांत बेन येतो, आणि ब्रूसला वाकवण्यासाठी त्याच्या मित्रांच्या शरीरांची मोडतोड होते. मुष्टियोद्धा वेलनचे अक्राळविक्राळ जनावर केले जाते. इथे मी अंक मिटून ठेवला होता. नायकाच्या बंडाची किंमत वस्ती मोजते हे वास्तव आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की ती किंमत मोजताना वस्तीला कोणी विचारलेले नाही, आणि कथाही त्या मित्रांच्या यातनेकडे ब्रूसच्या यातनेचे साधन म्हणून पाहते.

आता सुपरमॅन. त्याच्याबाबत एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती विसरली गेली आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी १९३८ साली हा नायक आणला, तेव्हा तो चळवळ्या होता. त्याच वर्षीच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात तो खाणकामगाराच्या वेषात येतो. कामगारांच्या सुरक्षिततेची पर्वा न करणाऱ्या मालकाला आणि त्याच्या मेजवानीतल्या पाहुण्यांना तो खाणीत नेतो, तोंड कोसळवून बंद करतो, आणि मालकाला स्वतःच्या हाताने खोदायला लावतो. पुढे हा सुपरमॅन पोलिसांचा मदतनीस झाला आणि खाण मागे पडली.

जेसन एरन यांनी लिहिलेला आणि राफा सान्दोवाल यांनी चित्रित केलेला ‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’ नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि तो पहिल्याच अंकात पुन्हा खाणीत आहे: ब्राझीलमध्ये, लॅझरस नावाच्या कंपनीच्या मजुरांमध्ये. त्याच्या मूळ ग्रहावर, क्रिप्टनवर, वैज्ञानिकांचा एक संघ राज्य करतो आणि त्याचे आईबाप राबणाऱ्या वर्गातले आहेत. छातीवरची ती जगप्रसिद्ध खूण, जी जुन्या परंपरेत एल घराण्याचे कुलचिन्ह ठरली होती, ती इथे श्रमिकांवर लादलेली ओळख आहे. ग्रह मरणार हे राज्यकर्त्यांना माहीत असते. ते स्वतःच्या सुटकेची व्यवस्था करतात आणि खालच्यांना मागे ठेवतात.

कुलचिन्हाचा डाग केला, आणि मग मुलाने तो डाग छातीवर मिरवला. ही कल्पना ज्याला सुचली त्याला काहीतरी कळलेले आहे. ज्या शब्दाने आपल्याला खाली ढकलले तोच शब्द उचलून ताठ उभे राहण्याची प्रक्रिया या नियतकालिकाच्या वाचकांना पाठ आहे. त्यामुळेच पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. क्रिप्टन नष्ट होतो. श्रमिकांचा तो सगळा वर्ग मरतो आणि त्यातला एक मुलगा उरतो. म्हणजे हा ज्या वर्गाचा नायक आहे तो वर्गच आता अस्तित्वात नाही! त्याच्याशी वाद घालणारा, त्याला ‘तू आमचे ऐक’ म्हणणारा एकही क्रिप्टनवासी मजूर शिल्लक नाही. ब्राझीलमधले खाणकामगार आहेत, पण ते बहुतांशी वाचवले जाण्यासाठी आहेत. १९३८ च्या अंकातही हेच होते. तिथेही मालकाला धडा शिकवला तो सुपरमॅनने, कामगारांच्या संघटनेने नव्हे. जन्म बदलला, एकटेपणा तोच राहिला. जुन्या नायकाला कुळाची गादी होती, नव्याला कुळाच्या राखेवर उभे केले आहे. दोन्हीकडे त्याला हिशेब विचारणारे कोणी नाही.

या कसोटीवर तिन्हींत मला सरस वाटते ती केली थॉम्पसन आणि हेडन शेरमन यांची ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वूमन’. देवांनी अ‍ॅमेझॉन स्त्रियांना शिक्षा केली आहे. तान्ही डायना नरकात सर्सी या चेटकिणीकडे टाकली जाते, आणि सर्सीवर एक बंधन येते: या मुलीला ‘अ‍ॅमेझॉन’ हा शब्द सांगायचा नाही. मुलगी वाढते, पण आपण कोणाच्या हे तिला माहीत नाही, कारण शब्दच हिरावलेला आहे. गुलामगिरीचे इतके नेमके वर्णन मी सुपरहिरोंच्या कथेत पूर्वी वाचलेले नव्हते. जमीन, पाणी, मंदिर यांच्याआधी नाव काढून घेतले जाते. स्वतःच्या पूर्वजांविषयी बोलण्यासाठी माणसाजवळ शब्द उरत नाही, आणि दुसऱ्याने दिलेला शब्दच त्याला आपला वाटू लागतो. शिवाय इथे दुःखाने माणूस क्रूर होत नाही. नरकात वाढलेली ही मुलगी स्टीव्ह ट्रेव्हर नावाच्या एका परक्या माणसाला बाहेर काढण्यासाठी स्वतःचा हात देते. आणि तिचे लोक मेलेले नाहीत. ते कोठेतरी आहेत, म्हणून कथेला पुढे जायला जागा आहे.

एक बाजू राहिली. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. १९७५ साली, बरीच ओरड झाल्यावर, कंपनीने त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि मुखपृष्ठाआड नाव दिले. बॅटमॅन घडवण्यात बरोबरीचा वाटा असलेला बिल फिंगर १९७४ साली वारला. त्याचे नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे आले २०१५ मध्ये. आजही ही पात्रे कंपनीचीच आहेत. लॅझरस कंपनीविरुद्धची गोष्ट एक अवाढव्य मनोरंजन कंपनी विकते आहे. यावरून गोष्ट खोटी ठरत नाही, पण अंक हातात घेताना एवढे ठाऊक असावे.

माझ्या विद्यार्थ्याला हे सगळे पटत नाही. त्याच्या मते मी सुपरहिरोकडून मोर्च्याची अपेक्षा करतो, आणि बॅटमॅनचे खांदे पाहून त्याला जो आनंद होतो तो मी माझ्या वडिलांच्या खांद्याने मोजतो. दुसरा आक्षेप खरा आहे. ड्रॅगोटा यांची ती पाने त्याने भिंतीवर लावली आहेत. त्याने पुढचे दोन अंक पाठवले आहेत, आणि मी पहिल्यांदा वेलन कोणत्या पानावर आहे ते शोधले.