आधी पडायला शिका, मग उडी मारा

पावसाळा सरला आणि मैदाने कोरडी झाली, की मनगट धरून दवाखान्यात येणारी मुले वाढतात. गेल्या दिवाळीनंतर अशीच एक नऊ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली. टीव्हीवर बर्फावरचे फिगर स्केटिंग पाहून तिला गिरक्यांचे वेड लागले होते. आपल्याकडे बर्फ कुठला? पण त्याच खेळाचे चाकांवरचे भावंड, म्हणजे आर्टिस्टिक रोलर स्केटिंग, गुळगुळीत सपाट फरशीवर खेळता येते. उड्या आणि गिरक्या जवळजवळ त्याच. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामाने या प्रकारात कांस्यपदक मिळवले होते, तेव्हा हा पोरखेळ समजू नये.

मुलगी चार महिन्यांतच उडीवर आली होती. मागे तोल गेला, तिने हात टेकला आणि मनगट सुजले. एक्स-रेत मोड दिसला तो नेमका वाढीच्या थरात. वडिलांचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, तीन आठवड्यांनी जिल्ह्याची निवड आहे. प्लास्टर तेवढे आधी काढता येईल का?"

मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. स्केट, पोशाख, फी, सगळा खर्च झालेला होता.

हा वाढीचा थर म्हणजे मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळची कूर्चा. हाड लांबीने वाढते ते तिथूनच. अंगाची वाढ पुरी होईपर्यंत हा भाग नाजूक असतो. बहुतेक मुलांचा तो नीट भरून येतो, पण इजा मोठी असली किंवा तीच जागा पुन्हा दुखावली, तर हाड आखूड किंवा वाकडे वाढण्याचा धोका राहतो. एका निवडीसाठी हा धोका कोण पत्करील?

मी मुलीला विचारले, "बाळ, पडायचे कसे ते शिकवले का तुला?" तिने वडिलांकडे पाहिले. कुणीच शिकवले नव्हते.

माझ्या मते पहिला महिना याच शिक्षणाचा असावा. तोल जातोय असे वाटताच गुडघे वाकवून खाली बसावे, कुशीवर, मांडीच्या मांसल भागावर पडावे, मुठी मिटून हात छातीशी घ्यावेत. मागे हात टेकणे हीच मनगट मोडण्याची वाट. आधी गादीवर, मग चाकांवर सराव करावा. नवशिक्याला हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड हवेतच. स्पर्धेत ते वापरत नाहीत, म्हणून सरावातही नकोत, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसरी चूक बुटांची. शाळेचा गणवेश घेतो तसा स्केटचा बूटही आपण 'वाढत्या अंगाचा' घेतो. सैल बुटात टाच हलते आणि घोटा मुरगळतो. बूट मापाचाच घ्यावा. वापरलेला पण घट्ट बसणारा मिळाला तरी चालेल.

बहुतेक खेळाडू उडीनंतर उजव्या पायावरच उतरतात. अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार दर वेळी त्या एकाच पायावर येतो. म्हणून रोज किती उड्या मारल्या याची वहीत नोंद ठेवावी आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्यावी. गुडघ्याखालचे टेंगूळ दुखू लागले किंवा कमरेचे दुखणे दोन आठवड्यांवर राहिले, तर बाम चोळत बसू नका, तपासून घ्या.

मुलींच्या आईंना एक वेगळे सांगणे. या खेळात सडपातळ दिसण्याचा हव्यास शिरतो आणि जेवण कमी होते. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर ती सरावाची खूण मानू नये. हाडे त्याच काळात ठिसूळ होऊ लागतात. भाकरी, उसळ, दूध, अंडे, यांत काटकसर नको.

घाई कशाची आहे? बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच २०२२ साली वरिष्ठ गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचे ठरवले, तेही खेळाडूंच्या तब्येतीचा विचार करून.

त्या मुलीची निवड हुकली. फेब्रुवारीत ती हात दाखवायला आली तेव्हा हाड छान भरले होते. जाता जाता तिने तपासणीच्या खोलीत सतरंजीवर कुशीवर पडून दाखवले. दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या.