अचलीकृत एंझाइमे व उपघटक रचना
अविद्राव्य आधारद्रव्याशी बांधल्याने विक्रियेनंतर वेगळी काढून पुन्हा वापरता येणाऱ्या एंझाइमांना ‘अचलीकृत एंझाइमे’ म्हणतात. एंझाइम अनेक उपघटकांचे (पॉलिपेप्टाइड शृंखलांचे) असल्यास त्याची क्रियाशीलता उपघटक एकत्र टिकण्यावर अवलंबून असते.

एश्चेरिकिया कोलाय या जंतूतील पेनिसिलीन ॲसिलेज हे याचे उदाहरण होय. त्यात २०९ ॲमिनो अम्लांची आल्फा व ५५७ ॲमिनो अम्लांची बीटा अशा दोन शृंखला असतात. विक्रिया घडविणारे सेरीन बीटा शृंखलेच्या टोकाशी असले, तरी सुट्या शृंखला अक्रिय असतात. एकच शृंखला आधाराशी बांधली गेल्यास उष्णतेने दुसरी सुटू शकते व क्रियाशीलता नाहीशी होते. म्हणून दोन्ही शृंखला अनेक बंधांनी आधाराशी बांधतात किंवा ग्लुटाराल्डिहाइडाने परस्परांशी जोडतात. मात्र बंध प्रमाणाबाहेर वाढल्यास रेणूचा आकार बिघडून क्रियाशीलता घटते.

या एंझाइमाच्या अचलीकरणावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन झाले आहे. त्याच्या साहाय्याने बेंझिल पेनिसिलिनापासून ६-ॲमिनोपेनिसिलानिक अम्ल मिळते व त्यापासून अँपिसिलिनासारखी औषधे बनवितात. एंझाइम जितक्या अधिक वेळा वापरता येईल, तितका या औषधांचा उत्पादनखर्च कमी होतो.