काचेआडचं पाणी – भाग ७ : दर ऐतवारी सगळं धुतोय

माझा भाचा निपाणीहून बेंगळुरूला आला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर लागला आणि पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून त्यानं माशांची टाकी घेतली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सहा महिन्यांत त्या टाकीतले मासे तीनदा मेले. तिसऱ्या खेपेला मला फोन आला.

"मामा, पाणी तर काचेगत स्वच्छ हुतं की. दर ऐतवारी सगळं धुतोय."

शेवटच्या वाक्यातच निदान होतं, पण ते फोनवर सांगून पटणारं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी मेट्रो धरली आणि पीण्या गाठलं. हा सातवा भाग त्या एका रविवारचा आहे. मागच्या भागांत काच, सिलिकॉन आणि बैठक झाली. आज पाणी आणि सफाई.

बैठकीबद्दल आधी एक गोष्ट कबूल करतो. मी तुम्हाला प्लायवूडच्या कपाटाचे गुण सांगितले होते. पीण्यात ते सगळं फजूल. तिथं गल्लीगल्लीत फॅब्रिकेशनचं दुकान आणि त्याच्या शेजारी पावडर कोटिंगची भट्टी. भाच्यानं एक इंची चौकोनी पाइपचा स्टँड मारून घेतला होता, कोपरे काटकोनात, पाय समपातळीत, वर काळं कोटिंग. भरलेली टाकी, वाळू-दगडासकट, साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते. त्या स्टँडवर मी उभा राहिलो असतो तरी तो हलला नसता. त्यावर फक्त थर्माकोलचा अर्धा इंची तक्ता हवा होता, म्हणजे एखादा खडा किंवा वेल्डचा उंचवटा काचेच्या एकाच जागी बोचत नाही.

आता त्याची सफाई. रविवारी आठ वाजता मासे बादलीत. टाकीतलं पाणी झाडून सगळं मोरीत. खडे परातीत घेऊन कपड्याच्या पावडरीनं घासायचे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर पिळायचा. मग नळाचं ताजं पाणी काठोकाठ, आणि मासे परत आत. संध्याकाळपर्यंत टाकी दुकानातल्यासारखी चमकायची. मंगळवारी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागायचे, आणि गुरुवारपर्यंत एकेक उलटा व्हायचा.

मी त्याला टाकीपाशी न बसवता तळघरात घेऊन गेलो. त्याच्या इमारतीत सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प आहे. बेंगळुरूतल्या बहुतेक मोठ्या इमारतींत असतो. एका हौदात चहाच्या रंगाचं पाणी खालून सोडलेल्या हवेनं खदखदत होतं. तिथला ऑपरेटर भला माणूस होता. अर्ध्या कन्नडात, अर्ध्या हिंदीत त्यानं सांगितलं, की हा तपकिरी रंग म्हणजेच कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणू. घाण हेच खातात. एकदा ब्लोअर बंद पडला तेव्हा हवेवाचून कल्चर मेलं, वास सुटला, आणि दुसऱ्या इमारतीतून टँकरभर गाळ आणून ओतावा लागला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

"तुझा स्पंज म्हणजे हा हौद," मी भाच्याला म्हणालो. "आणि तू दर ऐतवारी तो हौद सर्फनं धुतोस."

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. बराचसा कल्ल्यांतून, थोडा विष्ठेतून. उरलेलं खाद्य कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. तो कल्ले जाळतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि तेही विषारीच, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते काढून घेतं. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासा बऱ्याच प्रमाणात सोसतो, आणि ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून कमी करतो. ही दोन पायऱ्यांची करामत सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास मातीतल्या जिवाणूंवर उलगडून दाखवली. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत म्हटलं तरी चालेल. ते स्पंजाला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. आणि वाढतात फार सावकाश. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुपटी-तिपटीनं वाढतात, ह्यांना एकदा दुप्पट व्हायला बहुतेक वेळा अर्धा दिवस ते एक दिवस लागतो. म्हणून नव्या टाकीला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. भाच्याची टाकी सहा महिने जुनी होती, पण वयानं कायम सात दिवसांची.

पीण्याच्या पाण्यात ह्या गोष्टीला आणखी एक धार आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एकच जहाल. पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही जहाल रूपात नसतो. पीएच ८.२ आणि तापमान २७ अंश असेल तर शंभरातले नऊ-दहा भाग जहाल. म्हणजे तेवढीच घाण चौदापट विषारी. आणि इथलं बोअरचं पाणी जड असतं. जमिनीतून वर येताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून नळाशी पीएच बरा दिसतो. टाकीत हवेचे बुडबुडे सुरू झाले की तो वायू निघून जातो आणि पीएच चढतो. दुकानदारानं नळाखाली तपासून "सात पॉइंट दोन" सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी टाकीत माझ्या थेंबांच्या किटनं आठच्या वर रंग दाखवला. दोघंही खरं बोलत होते.

इथं पाणी म्हणजे तीन पाणी. पहिलं कावेरीचं. टी. के. हळ्ळीहून सुमारे शंभर किलोमीटर वाहत आणि टप्प्याटप्प्यानं जवळजवळ पाचशे मीटर चढून येतं. मऊ, माशांना मानवणारं, पण क्लोरिन घातलेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाल्यावर ते शहराच्या कडेच्या गावांपर्यंत पोचू लागलं. दुसरं बोअरचं. तिसरं टँकरचं, जे दुसऱ्या कुठल्या तरी बोअरचं असतं आणि खेपेगणिक बदलतं. इमारतीखालच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या साठवणीच्या हौदात, तिन्ही एकत्र येतात, आणि भाचा त्याला "नळाचं पाणी" म्हणतो.

बोअरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे पीण्या आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे ही वसाहत उभी राहिली, आणि इथं प्लेटिंगचे कारखाने पुष्कळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत पीण्याचं नाव गंभीर प्रदूषित वसाहतींत आलं, आणि इथल्या भूजलात क्रोमियम, तेही त्याच्या जास्त विषारी षटसंयुजी रूपात, सापडल्याच्या नोंदी आहेत. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा क्रोमियमला ना रंग ना वास. क्षार मोजणारा टीडीएसचा पेन ते दाखवत नाही, क्लोरिन घालवणारं अँटिक्लोर ते मारत नाही, उकळून ते जात नाही. माझं मत सरळ आहे. वसाहतीच्या आतल्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासलेलं नसेल तर ते टाकीत घालू नका. माशासाठी नको, आणि ते पाणी उपसताना ज्याचे हात भिजतात त्याच्यासाठीही नको.

मग घालायचं काय? ज्या दिवशी कावेरी येते त्या दिवशी, संपमध्ये पडण्याआधी, वीस लिटरचा ड्रम भरून ठेवायचा. झाकण न लावता, एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवला की क्लोरिन उडतं. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरचे खडे मिळतात. ते सोडियम थायोसल्फेट, छापील मापानं घालायचं. कावेरी येतच नसेल तर नाक्यावरच्या नाणं टाकून पाणी देणाऱ्या आरओ केंद्रातलं पाणी चालतं, पण नुसतं नाही. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि क्षार नसलेल्या पाण्यात पीएच एका रात्रीत कोसळतो, कारण आपले जिवाणू काम करताना अल्कता खातात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम. तपासलेलं जड पाणी अर्धं आणि आरओ अर्धं, हे मिश्रण उत्तम. जड पाण्याचा एवढा एक फायदा खरा, की त्यात टाकी स्थिर राहते. घरच्या आरओतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र चुकूनही नको. त्यात मूळच्यापेक्षा जास्त क्षार असतात.

टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं. आटतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. वरून पुन्हा जड पाणी घालत राहिलं तर दोन-तीन महिन्यांत टाकीचं लोणचं होतं, आणि काचेच्या वरच्या कडेला पांढरी रेघ धरते. म्हणून आटलेलं भरायचं ते आरओच्या पाण्यानं, आणि बदलायचं ते मिश्रणानं. रेघ व्हिनेगरच्या फडक्यानं निघते, फक्त थेंब आत पडू देऊ नका.

त्या रविवारी आम्ही टाकी पुन्हा मांडली. साबण लागलेले खडे फेकून दिले. साबण खड्यातून कितीही धुतला तरी पुरता जाईल याची खात्री नसते. नवे खडे नुसत्या पाण्यात, गढूळपणा जाईपर्यंत धुतले आणि मागे दोन इंच, पुढे एक इंच असे पसरले. पाणी भरलं. मग मी माझ्या पिशवीतून आणलेला ठेवा काढला. माझ्या जुन्या टाकीतला, सहा महिने न पिळलेला स्पंज, ओला, टाकीच्याच पाण्यात बुडवून आणलेला. भाच्याच्या बायकोनं नाकाला पदर लावला. मी तो नव्या टाकीत पिळला, पाणी तळघरातल्या हौदासारखं झालं, आणि तोच स्पंज त्यांच्या फिल्टरवर चढवला. दुसऱ्या इमारतीतून आणलेला गाळ तो हाच. अशा वाणानं चार-सहा आठवड्यांचं काम दोन-तीनांवर येतं. तोवर मासे नाहीत. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, कारण जिवाणूंनाही जेवण लागतं. थेंबांच्या किटनं अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थांबायचं.

सफाईचा नवा नियम त्यानं भिंतीवर चिकटवलाय. आठवड्यातून एकदा सायफनच्या नळीनं खड्यांतली घाण ओढत चौथाई पाणी काढायचं. बावन्न-चोपन्न लिटरच्या टाकीत खडे वगैरे जाऊन पंचेचाळीसेक लिटर राहतं, म्हणजे दहा-बारा लिटर. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा दाबायचा, आणि तेही महिन्यातून एकदा, प्रवाह मंदावला तरच. पुढची काच जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडायची. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं. काढलेलं पाणी मोरीत नाही, कुंड्यांत. त्यात नायट्रेट असतं, कढीलिंबाला ते खत आहे. मार्च २०२४ मध्ये पाण्याची ओढ लागली तेव्हा जल मंडळानं पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर पाच हजारांचा दंड ठेवला होता. माझ्या तुळशीनं तो उन्हाळा टाकीच्या पाण्यावर काढला.

दोन गोष्टी खास कारखान्यातल्या माणसांसाठी. शिफ्टवरून येऊन थेट टाकीत हात घालू नका. मशीनच्या कूलंटमध्ये तेल असतं आणि ते सडू नये म्हणून जंतुनाशकही असतं, आणि दोन्ही आपल्या जिवाणूंचे वैरी. कोपरापर्यंत हात धुवा, मग साबण जाईस्तोवर पुन्हा नुसत्या पाण्यानं. दुसरं, भाच्याच्या एका मित्रानं छोटा कंप्रेसर देऊ केला होता, "हवा जोरात येईल" म्हणून. तेलावर चालणाऱ्या कंप्रेसरच्या हवेत तेलाची वाफ येते. पाण्यावर तवंग धरला की प्राणवायूची वाटच बंद. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, त्यामुळे पाण्यात प्राणवायू मुंबईपेक्षा आधीच दहा टक्क्यांनी कमी मावतो. दुकानातला साधा एअर पंप पुरे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एक जवळ असावा.

मासे कुठले? त्याला निऑन टेट्रा हवे होते. मऊ, आंबट पाण्याचे ते मासे या पाण्यात पाठवणं म्हणजे छळ. गप्पी, मोली, प्लॅटी जड पाण्यात खुशाल राहतात. गप्पी तर आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी नगरपालिकाही सोडतात. माझी निवड वेगळी होती, झेब्रा दानिओ. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ च्या गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात वर्णन केलेला हा आपल्याच उपखंडातला मासा. जानेवारीत बेंगळुरूची रात्र पंधरा अंशांवर येते, तेव्हा बंद घरात हा हीटरशिवायही तगतो. इतर उष्ण पाण्याच्या माशांना मात्र पन्नास वॅटचा हीटर लागेलच. तेविसाव्या दिवशी किटनं दोन्ही शून्य दाखवले, तेव्हा सहा दानिओ आणले. एकदम बारा नाहीत. जिवाणूंची संख्या जेवणाच्या मापानं वाढते, आणि सहा माशांचं जेवण बारा माशांच्या घाणीला पुरत नाही.

आता पाच महिने झालेत. सहाच्या सहा आहेत. मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला.

"मामा, मागच्या काचेला हिरवं धरलंय. धुऊ का?"

"पुढची धू. मागची राहू दे, मासे तिथंच चरतात."

"आणि फिल्टर? लई काळा झालाय."

"पाणी जोरात येतंय का?"

"येतंय की."

"मग हात लावू नको."

पुढच्या भागात : टाकीत आपोआप आलेल्या गोगलगायी, आणि त्यांना ठेवायचं की काढायचं.