अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पुन्हा वाफ

‘फेअरी क्वीन’ हे वाफेचं इंजिन १८५५चं, इंग्लंडातल्या लीड्सचं. भारतातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर–ठाणे धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९०९मध्ये निवृत्त झालेलं हे इंजिन दुरुस्त होऊन १९९७मध्ये पुन्हा धावलं, दिल्ली–अलवर मार्गावर.

अशा इंजिनाला रंग-पॉलिश करणं सोपं. खरी परीक्षा बॉयलरची. फायरबॉक्सचा आतला-बाहेरचा पत्रा बांधून ठेवणारे स्टे हातोडीने एकेक ठोकून पाहतात. शाबूत असेल तो खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. मग बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. वाफेचा नव्हे, पाण्याचाच: पाण्याने पत्रा फाटला तर कपडे भिजतात, वाफेने फाटला तर शेडचं छप्पर उडतं.