जमिनीखालचा शेजार

लखनौमध्ये गोमतीच्या पैलतीरी अलीगंज नावाची वस्ती आहे. तेथील जुन्या हनुमान मंदिरात ज्येष्ठातील मंगळवारी भाविकांची रीघ लागते. वस्तीतील बैठी घरे भिंतीला भिंत लावून उभी राहिली. आता त्यांपैकी अनेकांच्या जागी मजल्यांवर मजले चढले आहेत. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला, तेव्हा लखनौकरही घराबाहेर धावले. आपले घर हलले, एवढेच प्रत्येकाला जाणवले. वस्तुतः दाट वस्तीत घर एकटे हलत नाही.

भूकंपाची लाट पायाला हलवते आणि घर डोलू लागते. पण डोलणारे घरही आपल्या वजनाने पायाखालची माती उलट रेटते, आणि तो रेटा मातीतून शेजारच्या पायापर्यंत पोहोचतो. सुंभाच्या बाजेवर दोघे निजले असता एकाने कूस बदलली की दुसरा जागा होतो. दगडी ओट्यावर तसे होत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ हा ओटा होय. (कातळ म्हणजे अभय नव्हे, हे १९६७ साली कोयनेने दाखवलेच!) अलीगंज मात्र बाजेवर वसले आहे, हिमालयातून वाहत आलेला गाळ तेथे शेकडो मीटर खोल आहे.

माती जितकी मऊ, घरे जितकी जवळ आणि त्यांच्या डोलण्याचा ठेका जितका सारखा, तितका हा परिणाम अधिक. जड इमारतीशेजारच्या हलक्या घराला तो विशेष जाणवतो. क्वचित त्याचे हेलकावे कमीही होतात. पण ते गणिताविना सांगता येत नाही.

दूरचा भूकंपही मऊ जमिनीला पुरतो. १९८५ साली मेक्सिको शहर केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांवर होते. तरी जुन्या सरोवराच्या गाळावरील इमारती कोसळल्या, कित्येक शेजारच्या इमारतींवर आदळल्या. २००१ साली भूजच्या भूकंपाने दूरच्या अहमदाबादेतही इमारती पडल्या. तेथे दोष केवळ मातीचा नव्हता; वाहनांसाठी मोकळे सोडलेले तळमजलेही घातक ठरले.

शेजारी पाया खणू लागला की आपण धुळीची तक्रार करतो. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. माती तपासली काय? तळमजला खांबांवर मोकळा राहणार काय? डोलताना आदळू नयेत इतके अंतर दोन घरांत राहील काय? जुने घर हद्दीला टेकलेले असेल, तर हे सारे अंतर नव्या घरालाच सोडावे लागते. आणि आजच्या भावात हातभर जागा सोडणे कोणत्याही घरमालकाच्या जिवावर येते.